पुण्याच्या फ्लॅटमधल्या दोन मांजरी गावात आणल्या, सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) जाळी मारून जागा करायची आहे, काय काय बघू?

सांदवाडीवाली
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या. आम्ही दोघं दिवाळीनंतर पुणं सोडून कायमचे गावी आलो, आर्वी तालुक्यात, सासरचं जुनं कवेलूचं घर. सोबत दोन मांजरी आल्या, चिंगी (पांढरीफेक, 4 वर्षांची) आणि बंड्या (राखाडी बोका, 3 वर्षांचा). दोघांची नसबंदी झालीय, लसी झाल्यात, पण दोघांचे पाय कधी मातीला लागलेले नाहीत, तिसऱ्या मजल्यावरची जाळीवाली बाल्कनी एवढंच त्यांचं जग होतं. इथे आल्यापासून खिडकीत बसून दिवसभर ओरडणं चालू आहे कारण समोर गोठा, चिमण्या, खारी, सगळंच दिसतं. मागच्या आठवड्यात मामाजी (माझे सासरे) धारा काढून आत येत होते तेवढ्यात बंड्या पायातून सटकला, गल्लीतली कुत्री मागे लागली, हा शेजारच्यांच्या टिनावर चढला आणि तिथे आधीच वानरांचा कळप बसलेला! रात्रभर खाली आला नाही. सकाळी शिडी लावून काढला, यांच्या हातावर ओरखडेच ओरखडे.
तर घरामागे सांदवाडी आहे, साधारण 12 बाय 18 फूट, तीन बाजूंनी 5 फुटी भिंत, एका कोपऱ्यात निंबाचं झाड. हे म्हणतात शेडनेट बांधून टाकतो, झालं. आत्याबाई (सासूबाई) म्हणतात मांजर काय पोपट आहे का पिंजऱ्यात ठेवायला. मला कळत नाहीये जाळी कुठली घ्यायची, वरून पण लागते का, आणि सापांचं काय करायचं. उन्हाळा तोंडावर आलाय ते वेगळंच.

पऱ्हाटी_दारव्हा
ताई, शेडनेटचा नाद सोडा. ते उन्हाले अडवाचं कापड हाय, मांजराले नाई. नखानं चिरते, कुत्र्यानं एकडाव दात लावला का टरटर फाटते. म्या आधी कोंबडीची जाळी लावली होती, ते सहा कोनाची पातळ तारेची, स्वस्त पडली म्हणून. एका पावसाळ्यात खालून गंजली अन् कुत्र्यानं ओढून भोक पाडलं. नशीब का मांजर घरात होती.
मंग वेल्डमेश आणली, म्हणजे जाड तारा वेल्ड करून केलेली चौकोनी जाळी, 1 इंची भोकाची, तार 14 गेज जाडीची, गॅल्वनाइज. खालचे 2 फूट अर्ध्या इंचीची दुसरी जाळी आतून मारली, सापासाठी. बारका साप त्यातूनही येऊ शकते, पण मोठा तरी अडते. अन् हे ऐकून ठेवा, मांजराचं डोकं जिथून गेलं तिथून सारं धड जाते, म्हणून दाराच्या फटी पहिले मोजा, जाळीचं मंग. जमिनीत गाडाले जमत नसन तर जाळी खाली बाहेरच्या अंगानं फूटभर वाकवून जमिनीवर पसरवा अन् वरून फरशी नाईतर दगड ठेवा, कुत्रं अन् मुंगूस जिथं उकरते तिथंच त्याले जाळी लागते. वरून तर लागतेच, 5 फुटाची भिंत म्हणजे बोक्याले एक उडी. अन् वरून बंद नसन तर वानेर काय बाहेर उभं राहून पाह्यत बसन का?
निंबाले जाळी बांधू नका, वाऱ्यात झाड हालते अन् टाके तुटतात. झाड बाहेर ठेवून सावली तेवढी घ्या. वेल्डिंगवाल्याले सांगजा का तारेची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूनं वळव, नाईतर मांजराचा डोळा जाईन.
दारं दोन करा. एक उघडलं का दुसरं लावलेलं पाह्यजे, मधात 3 फुटाची जागा. तुमचे मामाजी धारा काढून येतात तवा हातात बादली असते, पायानं दार लोटतात, मले मालूम हाय कारण आमच्या घरी बी तसंच होते.

हिवरखेडकर
काय लोक आहेत. तिकडे कापसाला भाव नाही अन् इथे मांजरीला बंगला. गावची मांजर मोकळीच बरी, उंदीर कोण खाईल मग, तूम्ही? आमच्या घरी कधीच मांजर बांधून ठेवली नाही, यंदाची तिसरी आहे, मस्त फिरते गावभर.

मृगबहार
@हिवरखेडकर यंदाची तिसरी म्हणजे पहिल्या दोन कुठे गेल्या भाऊ?

हिवरखेडकर
एक फवारणीच्या दिवसात गेली. दुसरीचं माहीत नाही, आलीच नाही परत. पण मांजराचं असंच असतं, येतात जातात.

मृगबहार
तेच तर म्हणतेय. मी मोर्शीकडची, संत्र्याची बाग आहे, लहानपणापासून घरात मांजरं, पण म्हातारी होऊन मेलेली एकच आठवते, बाकीच्या सगळ्या अशाच "आलीच नाही परत". आता एक आहे ती जाळीत असते आणि 9 वर्षांची झालीय, माझ्या लेकीपेक्षा मोठी.
सांदवाडीवाली ताई, साप आणि कुत्रे सगळ्यांना दिसतात, विष कोणाला दिसत नाही म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी असते आणि पंप धुतला जातो तो घराच्या मागेच, विहिरीजवळ नाहीतर मोरीत. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत माणसं गेली हे सगळ्यांनी वाचलंय, मग त्याच औषधाच्या ओल्या मातीत लोळलेलं मांजर काय करतं, सगळं अंग चाटून साफ करतं, म्हणजे सगळं पोटात. त्यामुळे जाळीची जागा आणि पंप धुवायची जागा यात अंतर ठेवा, उतार कुणीकडे आहे ते पण बघा, पाणी वाहून जाळीत यायला नको. फवारणीचे कपडे, रिकामे डबे तिकडे टांगू नका. उंदराचं औषध घरात ठेवत असाल तर बंद करा, कारण मांजर सहसा औषध खात नाही पण औषध खाल्लेला उंदीर खातं, आणि उंदीर जाळीतून आत येणारच, तो तर तिचा खाऊ आहे.
झाडांमध्ये कण्हेर, धोतरा, रुई, पानफुटी आत नको. कुंडीत लिली असेल तर कोणाला तरी देऊन टाका, मांजरांच्या किडन्या जातात त्याने, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. त्याऐवजी एका घमेल्यात गहू पेरा, आठ दिवसात हिरवंगार होतं आणि दोघं शेळ्यांसारखे चरतात. आणि एक गंमत, खोकलीचं झुडूप माहीत आहे ना, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवतं ते, त्याचं मूळ उपटून मांजरापुढे ठेवून बघा. आमची त्यावर लोळते, गाल घासते, लाळ गाळते, पंधरा मिनिटांनी काही झालंच नाही अशी उठून जाते.

मोहर्लीचा
आमच्याकडे ताडोबाची हद्द गावाला लागून आहे त्यामुळे एकच सांगतो, दिवेलागणीच्या आत मांजरं घरात. वेल्डमेश कुत्र्याला पुरते, बिबट्याला नाही, आणि जाळीत अडकलेलं जनावर म्हणजे त्याला आयतं ताट. आमच्या गल्लीतून कुत्री गेलीत, ओट्यावरून. आर्वीकडे तेवढं नसेल पण साप तर सगळीकडे असतात, मण्यार रात्री निघतो आणि मांजर त्याला खेळणं समजून पंजा मारतं. आणखी एक, जाळीला लागून पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, विटा, काहीही रचू नका. ढीग आला की उंदीर, उंदीर आला की साप. आम्ही 10 फूट मोकळं ठेवतो आणि झाडून ठेवतो.

सांदवाडीवाली
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. शेडनेटचं यांना वाचून दाखवलं, तोंड पाडून बसलेत कारण बंडल आणून ठेवलंय 😄. जाळीवर सावलीसाठी चालेल ना ते? आणि उन्हाचं कोणीच बोललं नाही, मे महिन्यात इथे 45 च्या वर जातं, तेव्हा हे सगळं बांधून उपयोग काय?

जनावरांच्या_दवाखान्यात
मी डॉक्टर नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कामाला आहे, घरी 3 मांजरी. शेडनेट सावलीला एकदम बरोबर, जाळीच्या वरून अर्ध्या भागावर टाका आणि त्यावर बांबूचे तट्टे. टीन मात्र टाकू नका, दुपारी खाली भट्टी होते. मार्च संपला की वेळा बदला, पहाटे उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि मग सूर्य बुडता बुडता अर्धा तास, मधल्या वेळात दोघं घरात कूलरपुढे. मातीच्या परळात पाणी, दोन ठिकाणी. मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखं धापा टाकायला लागलं तर ती थकलीय असं समजू नका, ऊन लागलंय, लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्याने पाय, पोट, कान ओले करा, बर्फ नको, आणि दवाखाना गाठा. चिंगी पांढरी आहे म्हणता, मग तिच्या कानाच्या टोकाकडे लक्ष ठेवा. पांढऱ्या मांजरांना उन्हाने तिथे आधी लाली येते, मग खपली धरते, आणि वर्षानुवर्षं तेच राहिलं तर कॅन्सरपर्यंत जातं.
गोठा जवळ आहे म्हणून हे महत्त्वाचं, गाईम्हशीचं नाहीतर कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला चुकूनही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असेल तर मांजराच्या शरीराला ते पचवताच येत नाही, थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. गाईला औषध मारलं त्या दिवशी मांजर गाईजवळ पण नको. तसंच ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देतात लोक, अर्धी गोळी पण मारते.
आणि ताई, बंड्या त्या रात्री बाहेर होता ना, केस बाजूला सारून सगळं अंग चाचपून बघा. कुत्र्याचा, वानराचा दात लागला असेल तर वरून दिसत नाही, तीन-चार दिवसांनी आतून पू होतो. जखम सापडली तर रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवा, परत डोस देतात. आणि तुमच्या यजमानांच्या ओरखड्यांचं पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिवरखेडकर
बरं ते 14 गेजची जाळी कुठे भेटते? असंच विचारतोय. घरी पोरगी मागे लागली आहे.

पऱ्हाटी_दारव्हा
@हिवरखेडकर 😄😄 तालुक्याले हार्डवेअरवाल्याजवळ भेटते भाऊ, पोल्ट्रीवाले जिथून घेतात तिथं पाहा. उरलेला तुकडा भेटला तर भाव करता येते.

सांदवाडीवाली
अपडेट देते. बंड्याच्या मागच्या पायाला खरंच एक भोक सापडलं, केसात पार लपलेलं. डॉक्टरांनी साफ करून दिलं, लसीचा डोस पुन्हा दिला, आता बरा आहे. यांनाही दवाखान्यात नेऊन आणलं, कुरकुरत आले.
सगळी सांदवाडी नाही घेतली, बजेट नव्हतं. भिंतीला लागून 6 बाय 10 चा तुकडा, निंबाची दुपारची सावली येते तो. जाळी, अँगल, वेल्डिंग मिळून साडेनऊ हजार गेले, तट्टे घरचेच. दोन दारं केली, आतल्या दाराला आतूनही कडी लावली नाहीतर मीच अडकले असते. जायचा रस्ता मात्र मामाजींनी काढला. मागच्या खोलीच्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसतो, बाकी आठ महिने तिथे पुठ्ठा ठोकलेला असतो. त्यांनी पुठ्ठा काढून फळी लावली, फळीला भोक पाडून झडप बसवली, बाहेर आडवी पाटी ठेवली, मांजरं खिडकीतून थेट जाळीत. कूलर बसला की सकाळ-संध्याकाळ दारातून मी नेईन, तसंही दुपारी सोडायचं नाहीच आहे.
पहिले दोन दिवस दोघं पाटीवरच बसून होते, खाली मातीत उतरेनात. तिसऱ्या दिवशी चिंगी उतरली, एक पाय झटकला, परत वर. बंड्या काल तासभर मुंग्यांची रांग बघत बसला होता.
आत्याबाई अजूनही पोपटाचा पिंजराच म्हणतात. पण आज सकाळी तूर निवडायला सूप घेऊन त्या आतच जाऊन बसल्या होत्या, म्हणे इथे वानेर त्रास देत नाही. आता त्यांना आत बाज टाकून हवी आहे. बाजेच्या सुंभाला ही दोघं नखं घासतील का हो? कोणाचा अनुभव?

मृगबहार
घासतील काय, आठवड्यात बाज झोळीसारखी होईल. प्लॅस्टिक पट्टीची घ्या, आणि सुंभ एका जुन्या खांबाला घट्ट गुंडाळून कोपऱ्यात उभा करा, तिकडे जातील.