रदोंचा उडता डोळा: स्वप्न की निरीक्षण?

शाईधूळ:
फ्रेंच चित्रकार ओदिलों रदोंचा १८८२चा हा लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. खाली अंधारा समुद्र, काठावर थोडी पाती, वर आकाशात बलून. बलूनचा गोळा म्हणजेच एक अवाढव्य डोळा, नजर थेट वर लागलेली. टोपलीच्या जागी तबक आणि तबकात अर्धंच उरलेलं डोकं.

याला ‘स्वप्नचित्र’ म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. हा माणूस फ्रान्समधल्या बोर्दोच्या आर्मां क्लावो या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सहवासात घडला, रोदोल्फ ब्रेस्दँ या चित्रकाराकडे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापणं, शिकला. दृश्याचे नियम अदृश्याच्या सेवेला लावायचे, ही त्याची स्वतःची भूमिका. डोळा उडतोय हे आपण मानतो, कारण दोऱ्या खऱ्या आहेत, तबकाला वजन आहे.

उत्तररात्र:
अजिबात पटलं नाही. दोऱ्या नीट काढल्या म्हणून कोणी त्या चित्रापाशी थबकत नाही. आईबापांपासून दूर, पेर्लबाद या घराण्याच्या उजाड मळ्यावर गेलेलं बालपण त्यात आहे. १८७०च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात तो सैनिक होता आणि त्याच हिवाळ्यात वेढ्यातल्या पॅरिसची टपाल बलूनमधून बाहेर जात होती. तबकातलं शिर तुम्हाला नुसतं ‘वजन’ वाटतं?

शाईधूळ:
बलूनचा मुद्दा मोलाचा आहे, तो मी घेतो. पण एकाकी बालपण अनेकांच्या वाट्याला येतं, हा काळा रंग किती जणांना साधला? डोळ्याच्या बलूनचं कोळशातलं चित्र त्याने १८७८मध्येच केलं होतं. फांतँ-लातूर या चित्रकाराने त्याला युक्ती दाखवली: ट्रान्स्फर कागदावर तेलकट खडूने काढायचं आणि ते दगडावर उतरवायचं. मग दगडावरच खरवडून उजेड बाहेर काढता येतो. त्याच्या चित्रांतला अंधार मखमली दिसतो तो या मेहनतीमुळे. स्वप्न पडून जातं, हे घडवावं लागतं.

मुळाक्षर:
तुम्ही दोघंही पोला, त्या अमेरिकन भयकथाकाराला, विसरलात. हे चित्र ‘एडगर पो यांस’ या सहा चित्रांच्या संचातलं पहिलं. पण चित्राखालची ओळ, ‘डोळा विचित्र बलूनसारखा अनंताकडे जातो’, ही पोची नाही, रदोंची आहे. फ्रेंच कवी बोदलेरच्या भाषांतरांमुळे पोचं नाव पॅरिसमध्ये वजनदार होतं. मला हे नाव घेणं खटकतं. वाचक पोच्या गोष्टींत हा प्रसंग शोधत बसतो आणि तो तिथे नाहीच.

उत्तररात्र:
अर्पण म्हणजे सचित्र आवृत्ती नव्हे. पोची भीती त्याला आपली वाटली, एवढं त्या नावाला पुरेसं आहे.

आणि शाईधूळ, १८९७मध्ये पेर्लबाद विकलं गेलं. त्यानंतरचा रदों म्हणजे पेस्टल (रंगीत खडू), फुलं, निळे-केशरी रंग. घर सुटलं आणि काळाही सुटला. हा निव्वळ योगायोग?

शाईधूळ:
तारखा तसं सांगत नाहीत. रंग १८९०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच येऊ लागले होते, तेव्हा घर हातात होतं. आणि घर गेल्यावर दोन वर्षांनी, १८९९मध्ये, त्याने सेंट जॉनच्या अपोकॅलिप्सवर, म्हणजे बायबलच्या शेवटच्या ग्रंथावर, लिथोग्राफची अख्खी मालिका काढली. काळ्या शाईतच.