पगार हॉस्पिटलचा, बाजू पेशंटची?
वरती एकांनी विचारलंय की पेशंट ॲडव्होकेट (म्हणजे हॉस्पिटलात पेशंटच्या बाजूने बोलणारा, त्याला मदत करणारा माणूस) हॉस्पिटलच्याच पगारावर असेल तर तो आपली बाजू कशाला घेईल. शंका रास्त आहे, पण मला जरा वेगळा अनुभव आला. गेल्या वर्षी आईला घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात ठेवलेलं (नाव नको), केसपेपरची झेरॉक्स मागितली तर चार दिवस नुसतं या खिडकीवरून त्या खिडकीवर, शेवटी वैतागून तिथल्या सोशल वर्कर मॅडमकडे गेलो, तर त्या म्हणाल्या तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत कागद द्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी फाइल हातात! आणि मॅडम हॉस्पिटलच्याच पगारावर हं.

आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यात आहे. महात्मा फुले योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटच्या मदतीला आरोग्यमित्र असतो, धर्मादाय हॉस्पिटलात सोशल वर्कर. धर्मादायमध्ये १० टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

इंग्लंडात मात्र दोन्ही वेगळं ठेवलंय, हॉस्पिटलात पॅल्सचा (पेशंटसाठीच्या सल्ला-मदत सेवेचा) डेस्क अडचणी सोडवायला, आणि रीतसर तक्रार करायची तर मदतीला हॉस्पिटलबाहेरची स्वतंत्र सेवा. ते मला जास्त पटतं.

बाकी आमच्या मॅडम संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी नसायच्या, आणि आईला ॲडमिट केलं शनिवारी रात्री.