मदत हवी आहे: शिलालेखांच्या फोटोंसाठी एस २४ अल्ट्रा घ्यावा की एस २५ अल्ट्रा?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून वीरगळ (वीरांच्या स्मरणशिळा), गद्धेगाळ (शापवचन कोरलेल्या शिळा) आणि शिलालेखांची नोंद करतो. या कामासाठी नवा फोन घ्यायचाय आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा की एस २५ अल्ट्रा, इथे गाडी अडली आहे. बाजारात आले तेव्हा दोन्हींच्या २५६ जीबीची किंमत १,२९,९९९ रुपये होती. २०२४ चा एस २४ आता बराच स्वस्त मिळतो.

माझी मुख्य अडचण या फोनसोबत येणाऱ्या पेनची (एस पेन) आहे. झिजलेली अक्षरं समोरून उजेड टाकला की दिसेनाशी होतात. बॅटरी (टॉर्च) दगडाच्या कडेला धरून तिरपा उजेड पाडला की खाचेत सावली धरते आणि ओळ वाचता येते. म्हणजे फोन ट्रायपॉडवर, मी बॅटरी घेऊन बाजूला. एस २४ च्या पेनमध्ये ब्लूटूथ आहे, लांबूनच बटण दाबून फोटो निघतो. एस २५ च्या पेनमधून ते काढून टाकलंय. का काढलं ते कळत नाही, आमच्यासारख्यांना तीच सोय सगळ्यात मोलाची होती. पडद्यावर फोटो मोठा करून पेनने अक्षर गिरवणं मात्र दोन्हींवर जमतं.

उलट एस २५ चा अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा १२ वरून ५० मेगापिक्सेलवर गेलाय. अगदी जवळून अक्षराची खोदाई टिपायला त्याचा उपयोग व्हावा. २०० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि ५ पट झूमचा ५० मेगापिक्सेल दोन्हींत आहेच, त्यामुळे देवळाच्या भिंतीवर उंच कोरलेल्या ओळींची चिंता नाही.

वजन २३२ ऐवजी २१८ ग्रॅम, एवढ्याने गड चढताना काही बिघडत नाही. बॅटरी दोन्हींत ५००० एमएएच. मेमरी कार्डाची जागा दोन्हींत नाही, हे मला खटकतं. रॉ फोटोंनी (फोनने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींनी) २५६ जीबी पाहता पाहता भरेल. अपडेट दोन्हींना सात वर्षं, पण एस २४ ची गिनती वर्षभर आधी सुरू झालेली.

ज्यांच्याकडे यातला कोणताही फोन आहे त्यांनी कृपया सांगा:

एस २५ वर आवाजी आज्ञेने फोटो काढता येतो, पण माळावरच्या भन्नाट वाऱ्यात फोन ऐकतो का? की साधा ब्लूटूथ रिमोट घेणं बरं?

आणि दुसरं, माझ्या दृष्टीने जास्त गंभीर. फोन स्वतःहून फोटो रेखीव करतो तेव्हा दगडावरचा टवका अनुस्वारासारखा दिसायला लागतो का? तसं झालं तर वाचनच चुकेल. सॅमसंगच्या एक्सपर्ट रॉ ॲपमधून काढलेल्या फोटोत हा प्रकार किती कमी होतो? कोणी एकाच दगडाचे दोन्ही पद्धतींनी फोटो काढले असतील तर मूळ फाइल बघायला मिळाली तर फार मदत होईल.