सिग्नेचर स्ट्रॅट घ्यायची, की आहे त्याच गिटारचे पार्ट बदलायचे?

अर्धा_टोन_खाली

हाताशी साधी स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट, फेंडरची इलेक्ट्रिक गिटार) आहे. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा सूर उचलणारे चुंबक), २२ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या), ९.५ इंच रेडियस (बोर्डाची गोलाई), सहा स्क्रूंचा जुन्या धाटणीचा ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज). नेक सरळ आहे, फ्रेटही अजून भरपूर उरलेत. विचार चाललाय क्लॅप्टन, स्टीव्ही रे व्हॉन किंवा गिलमोर या गिटारवादकांपैकी एखाद्याचं सिग्नेचर मॉडेल, म्हणजे त्याच्या पसंतीनुसार बनवलेली स्ट्रॅट, घेण्याचा.

हेडस्टॉकवरची सही सोडली तर या तिघींत खरं वेगळं काय असतं? त्यातलं काय आहे त्या गिटारमध्ये बसवता येतं आणि काय येत नाही? सोल्डरिंग जमतं. लाकूड कोरायची तयारी नाही. बँडमधल्या बेसवाल्याचंही असंच अडलंय: गेडी लीचा जॅझ बेस की स्टीव्ह हॅरिसचा प्रिसिजन?

सोल्डरची_धार

आधी नेक बघा. पिकअप, पॉट (नॉबखालचे कंट्रोल), ब्रिज कधीही बदलता येतात, पण नेकचा आकार बदलायचा म्हणजे नेकच बदलायचा. या तिघींत सगळ्यात मोठा फरक तिथेच आहे आणि जाहिरातीत तोच सगळ्यात कमी दिसतो.

क्लॅप्टनचा नेक पाठीमागून मऊ व्ही, म्हणजे मधोमध बोथट कणा असल्यासारखा. अंगठा वरून आणून जाड ई तार दाबायची सवय असेल तर तो हातात छान बसतो. अंगठा मागे सपाट ठेवून वाजवणाऱ्याला तोच कणा टोचतो. स्टीव्ही रेचा जाड, अंडाकृती, वर पाउ फेरो लाकडाचा बोर्ड, १२ इंच रेडियस आणि जंबो फ्रेट. गिलमोरचा मेपलचा, २१ फ्रेटचा, रेडियस ७.२५ इंच. या शेवटच्यात गोम अशी की बोर्ड इतका गोल असताना ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) फार खाली आणली, तर वरच्या फ्रेटवर बारीक तार दीड टोन ओढताना ती बोर्डाच्या उंचवट्यावर येते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच मरतो. म्हणजे गिलमोरसारखं ओढायचं तर ॲक्शन थोडी वर ठेवावीच लागणार. तिन्ही नेक दहा-दहा मिनिटं हातात धरून बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

आता क्लॅप्टन. १९८८ साली आलेली ही फेंडरची पहिली सिग्नेचर स्ट्रॅट. सुरुवातीला तिच्यात सोनेरी लेस सेन्सर पिकअप होते, पुढे व्हिंटेज नॉइजलेस आले. एक व्हॉल्यूम, एक टीबीएक्स (खास टोन कंट्रोल), आणि दुसऱ्या टोनच्या जागी २५ डेसिबलपर्यंतचा मिड बूस्ट (मधला स्वरपट्टा वाढवणारं सर्किट). २५ डेसिबल म्हणजे त्या पट्ट्यातला सिग्नल व्होल्टेजमध्ये जवळजवळ १८ पट. लोक फसतात ते इथेच. मिड बूस्टचं किट आणून साध्या सिंगल कॉइलच्या मागे लावलं की पिकअपने उचललेली गुणगुणही सुरांबरोबर फुगते. आधी आवाज न करणारे पिकअप, मग बूस्ट, हाच क्रम. पिकअप न बदलता नुसतं किट लावणार असाल तर लावूच नका.

टीबीएक्सच्या पॉटला मध्ये खटका असतो. शून्यापासून खटक्यापर्यंत तो नेहमीचा टोन. खटक्याच्या पुढे तो ट्रेबल 'वाढवतो' असं म्हणतात, पण वाढवत काही नाही. पिकअपवरचा भार हलका होतो आणि जो वरचा भाग एरवी जमिनीत जात होता तो शिल्लक राहतो.

किटला ९ व्होल्टची बॅटरी लागते, म्हणून जॅक स्टिरिओ हवा. टिपला सिग्नल, स्लीव्हला ग्राउंड, रिंगला बॅटरीची काळी वायर. साधी मोनो केबल खुपसली की रिंग आणि स्लीव्ह जोडले जातात आणि सर्किट चालू होतं. यात तीन चुका नेहमीच्या. टिप आणि रिंग उलटसुलट होतात आणि गिटार मुकी राहते. केबल रात्रभर गिटारमध्येच राहते आणि सकाळी बॅटरी बसलेली असते. तिसरी चूक म्हणजे किटसोबत आलेले पॉट बाजूला ठेवून जुने २५० के तसेच वापरणं. बॅटरी मरायला आली की आवाज आधी फाटल्यासारखा होतो, मग पातळ. आणि हो, किटचा सर्किट बोर्ड व बॅटरी पिकगार्डखाली (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) मावतील का हे खरेदीच्या आधी मोजा. जागा नसेल तर राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवावाच लागतो, आणि ते तुम्हाला नको आहे.

क्लॅप्टनचा ट्रेमोलो लाकडी ठोकळ्याने अडवलेला असतो. हे मात्र तुम्ही अर्ध्या तासात करू शकता, काही कोरावं लागत नाही:

मागची प्लेट काढा. पाचही स्प्रिंगा लावा आणि क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू ब्रिज बॉडीला सपाट टेकेपर्यंत आवळा. आता ट्रेमोलोचा लोखंडी ठोकळा आणि पोकळीची शेपटाकडची भिंत यांमधली फट मोजा. तेवढ्या जाडीचा सागवान किंवा मेपलचा तुकडा हाताने दाबून बसेल इतपत घासून आत सरकवा. गोंद नको. फट नेकच्या बाजूची नव्हे, शेपटाकडची. तारांच्या ताणाने ठोकळ्याचं खालचं टोक तिकडेच जातं. तुकडा जास्त जाड झाला तर ब्रिज नीट बसत नाही आणि ॲक्शन बिघडते.

फायदा: एक तार तुटली तरी उरलेल्या पाच सुरात राहतात, आणि एक तार ओढताना शेजारची खाली घसरत नाही.

तेरा_नंबर

स्टीव्ही रेच्या १९९२ सालच्या मॉडेलबद्दल. टेक्सस स्पेशल पिकअप तुमच्या गिटारमध्ये सरळ बसतात, तीन सोल्डर आणि ग्राउंड, झालं. अडचण उंचीची. जुने पिकअप ज्या उंचीवर होते तिथेच हे ठेवले तर चुंबक तारेला धरून ठेवतो: जाड ई वर सातव्या-आठव्या फ्रेटच्या पुढे दोन सूर एकदम वाजल्यासारखं लहरतं, आणि लोक इंटोनेशनचे (फ्रेटगणिक सूर जुळवणारे) स्क्रू फिरवत बसतात. दोष इंटोनेशनचा नसतोच. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तारेच्या तळापासून पोलपीसपर्यंत (पिकअपमधल्या चुंबकाच्या टोकापर्यंत) मोजा. टेक्सस स्पेशलसाठी फेंडरचं माप जाड बाजूला ३.२ मिमी, बारीक बाजूला २.४. साध्या व्हिंटेज पिकअपला हेच २.४ आणि २. लेस सेन्सरची तारेवरची ओढ नगण्य, ते हवे तितके वर आणा.

तारा. .०१३ चा (सगळ्यात बारीक तार .०१३ इंचाची असलेला जाड) संच लावायचा तर त्यांच्यासारखं अर्धा टोन खाली, ई फ्लॅटला लावा. (तुमचं नाव बघता ते आधीच ठरलंय म्हणायचं.) .०१० साठी कापलेल्या नटमध्ये (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीत) .०१३ अडकते, खुंटी फिरवताना 'टिक' आवाज आला आणि सूर उडी मारून चढला की समजा खाच अरुंद आहे. नट फाइलने खाच रुंद करा, खोल नाही. खोली वाढली तर मोकळी तार फ्रेटवर खडखडणार आणि नवा नट लागणार.

त्या मॉडेलवर डावखुरा ट्रेमोलो असतो, म्हणजे दांडा जाड तारांच्या बाजूला. दिसायला झकास. पण सवय उजव्या दांड्याची असेल तर मनगटाच्या आड येतो. हा भाग सोडून द्यावा असं माझं मत.

पाचवी_पोझिशन

गिलमोर सगळ्यात सोपा. २००८ च्या मॉडेलमधली खरी युक्ती एक छोटा टॉगल आहे. नेक पिकअप निवडक स्विचच्या कुठल्याही पोझिशनमध्ये मिसळता येतो. साधा दोन पायांचा चालू-बंद टॉगल घ्या. एक पाय फाइव्ह-वे स्विचवर (पिकअप निवडायच्या पाच पोझिशनच्या स्विचवर) नेक पिकअपची गरम वायर जिथे येते तिथे, दुसरा त्याच स्विचच्या कॉमन पायावर, जिथून वायर व्हॉल्यूमला जाते. पिकगार्डला छोटं भोक, पण आधी खाली बॉडीत पोकळी आहे ना ते बघा. टॉगलची बूड अंदाजापेक्षा खोल जाते.

नवे आवाज दोनच मिळतात: ब्रिज अधिक नेक, आणि तिन्ही एकत्र. बाकी पोझिशनमध्ये नवं काही मिळत नाही, मग टॉगल बिघडला असं वाटून घेऊ नका. शिवाय मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनमध्ये गुणगुण जाते, पण ब्रिज अधिक नेकमध्ये ती राहते, कारण ते दोन्ही एकाच दिशेचे. जुन्या वायरिंगमध्ये ब्रिजला टोन पॉट नसतो, म्हणून या जोडीवर टोन चालणार नाही.

ब्रिजला सीमोर डंकनचा एसएसएल-५ असतो, साध्यापेक्षा बराच जोरकस. तो लावलात तर उंचीने थोडा खाली ठेवा, नाहीतर नेकवर गेल्यावर आवाज पडल्यासारखा वाटेल. ट्रेमोलोचा दांडाही कापून सव्वाचार इंचांचा केलेला असतो. करवत आणि कानस, बस.

अर्धा_टोन_खाली

म्हणजे गिलमोरचं जवळजवळ सगळं घरी होतंय, फक्त नेक सोडून. @सोल्डरची_धार, ट्रेमोलो अडवल्यावर पुढे कधी परत मोकळा करायचा झाला तर?

आणि दोन उपप्रश्न. गिटारवादक माल्मस्टीनसारखा स्कॅलप्ड (फ्रेटमधलं लाकूड कोरलेला) बोर्ड करून घ्यावा का? व्हॅन हेलनचा डी-ट्यूना (जाड ई झटकन डी ला उतरवणारी खटकी) या गिटारवर चालेल का?

सोल्डरची_धार

तुकडा काढून टाका, क्लॉ सैल करा. म्हणूनच गोंद नको म्हटलं.

चौसष्ट_सवंगडी

बेसवाल्यासाठी, कारण त्याला सगळे विसरले.

पहिलं, पुन्हा नेकच. जॅझ बेसचा नट ३८.१ मिमी, प्रिसिजनचा नेहमीचा ४१.३. ३ मिमी म्हणजे किरकोळ वाटतं, पहिल्या पोझिशनमध्ये चार तास वाजवल्यावर नाही. गेडी लीचा बेस त्यांच्या १९७२ च्या जॅझवर बेतलेला, नेक पाठीमागूनही पातळ. लहान हाताला हा बेस आणि जाड नेकची सवय असलेल्याला हॅरिसचा, असं साधं बघावं.

गेडी लीच्या मॉडेलवर बॅडॅस टू ब्रिज यायचा. सुटा मिळवून दुसऱ्या बेसला लावणार असाल तर एक गोष्ट ऐका: त्याची सॅडल (ज्यांवर तार टेकते ते तुकडे) बिनखाचेची येतात. तार लावून ती पिकअपच्या पोलपीसांच्या बरोबर मधून जाईल अशी सरकवा, खूण करा, मग तारेच्या जाडीच्या फाइलने खाच पाडा. खोली तारेच्या व्यासाच्या निम्मी पुरे. फाइल मागे उतरती धरा, म्हणजे तार सॅडलच्या नेककडच्या कडेवरूनच सुटेल. खाच आडवी सपाट झाली तर तार तिच्यात लोळते, सतारीच्या जवारीसारखी झणझण येते आणि इंटोनेशन कधीच जुळत नाही. सतारीला जे शोभतं ते इथे दोष.

हॅरिसचा आवाज हवा तर बेसआधी तारा बदला. रोटोसाउंड एसएच७७, फ्लॅटवाउंड (वर सपाट पट्टी गुंडाळलेल्या), ५०-७५-९५-११०. त्या खणखणाटातला निम्मा भाग या तारांचा आणि उरलेला दोन बोटांनी तार फ्रेटवर आपटण्याचा; पिकअप तिसरा. लावताना तार खुंटीच्या खूप पुढे आधी काटकोनात मुरडा आणि मग कापा. सरळ तार कापली तर वरची पट्टी गाभ्यावरून सुटते आणि तार मेलीच. ४५-१०५ वरून आलात तर ताण वाढून नेक पुढे वाकेल. पहिल्या फ्रेटवर कॅपो, जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे बोट, आणि मध्ये सातव्या फ्रेटवर फट ०.३ ते ०.३५ मिमी राहील अशी ट्रस रॉड (नेकमधली लोखंडी सळई) आवळा. एका वेळी पाव फेरा, मग लाकडाला बसायला वेळ द्या. रॉड अडतोय असं वाटलं तर थांबा. जोर लावून सुटलेला रॉड म्हणजे नवा नेक.

@अर्धा_टोन_खाली, स्कॅलप. गिटारवादक स्टीव्ह व्हाय यांच्या १९८७ च्या जेईएम गिटारवर फक्त शेवटचे चार फ्रेट, २१ ते २४, कोरलेले असतात; माल्मस्टीनच्या स्ट्रॅटवर सगळे. दोन्हींमध्ये बोट लाकडाला टेकत नाही, म्हणून जोरात दाबलं की सूर चढतो. .०१३ च्या तारांची बोटं असलेल्या माणसाने हे करू नये, माल्मस्टीन .००८ वाजवतात. हाताने कोरताना ठिपक्यांच्या इनलेपेक्षा खोल गेलात तर ठिपकाच निघून येतो, मेपल बोर्ड असेल तर वरचं फिनिश परत चढवावं लागतं. आणि लाकूड परत भरत नाही.

रिची ब्लॅकमोरची सिग्नेचर स्ट्रॅट शोधणाऱ्यांसाठी जाता जाता: तिच्यातला मधला पिकअप नुसता शोभेचा, दोनच वाजतात. बिघाड समजून दुरुस्तीला नेऊ नका.

पाचवी_पोझिशन

डी-ट्यूना फ्लॉइड रोज (तारा आवळून धरणारा ट्रेमोलो ब्रिज) याच्या जाड ई च्या सॅडलवर, तार आवळायच्या स्क्रूवर बसतो. सहा स्क्रूंच्या ब्रिजवर त्याला जागाच नाही. शिवाय फ्लॉइड असला तरी तो बॉडीला टेकलेला हवा. तरंगत्या ब्रिजवर एक तार ई वरून डी ला सोडली की एकूण ताण कमी होतो, स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. व्हॅन हेलन ब्रिज बॉडीला टेकवूनच वाजवत, १९९१ च्या म्युझिक मॅन मॉडेलवरही तसाच होता. तिच्यावरच्या एकुलत्या एका नॉबवर 'टोन' लिहिलेलं असतं, पण तो व्हॉल्यूम आहे.

तुम्ही ट्रेमोलो अडवणारच आहात, तर सहाव्या तारेसाठी खुंटीच्या जागी बसणारा ड्रॉप ट्यूनर बघा. हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास आणि स्क्रूची जागा आधी मोजा, जुन्या आणि नव्या खुंट्यांची भोकं सारखी नसतात.