पहिलीचं वर्ष: तुमच्या घरी नक्की काय काय झालं?

आमची मुलगी यंदा पहिलीत जाणार. बालवाडी झालीये, रडारड तेव्हाच संपली, त्यामुळे मी तशी निवांत होते. पण परवा एक मैत्रीण "खरं वर्ष तर आता सुरू होतं गं" म्हणाली नि फोन ठेवला, तेव्हापासून डोक्यात भुंगा. अभ्यास कसा घ्यावा याचे सल्ले ढीगभर मिळतायत, ते नकोत. तुमच्याकडे त्या वर्षात प्रत्यक्ष काय झालं, कशाची आधी कल्पना नव्हती, काय उगाच मनाला लावून घेतलं, ते लिहा. मोठं लिहिलंत तरी वाचेन.

*

पहिला नंबर माझा. आमच्याकडे शाळेत देव आणि घरी दैत्य असा प्रकार होता. बाई म्हणायच्या किती शांत, किती समजूतदार मुलगी, आणि मी मनात म्हणायचे नक्की माझीच ना? कारण दारातून आत आली की बूट एकीकडे, दप्तर एकीकडे आणि मोज्याची शिवण टोचते म्हणून वीस मिनिटं भोकाड. मला वाटलं शाळेत कोणी काही बोलतंय, रोज खोदून खोदून विचारायचे, की मग आणखी चिडायची. खूप उशिरा लक्षात आलं की पाच-सहा तास रांगेत उभं राहा, बोट वर करा, आपला नंबर येईपर्यंत थांबा हे सगळं ती दात-ओठ खाऊन नीट करत होती आणि उरलेलं सगळं माझ्या वाट्याला येत होतं. मग आल्यावर अर्धा तास एकही प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं, खायला द्यायचं आणि गप्प बसायचं. झोपेचंही गणित चुकलेलं होतं. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते म्हणतात, हिला जेमतेम साडेआठ मिळत होती. झोपायची वेळ तासभर अलीकडे आणली आणि पंधरा दिवसांत बुटांची फेकाफेक बंद झाली. मोज्याची शिवण मात्र अजून टोचते.

*

"आज शाळेत काय केलं?" "काही नाही." वर्षभर हाच संवाद. शेवटी "आज कोणाला ओरडा बसला?" असं विचारायला लागलो. मग जी बातमीपत्रं सुरू झाली ती आजतागायत.

*

मी बाबा. माझा मुलगा ३ आणि ६ यांची सर्रास अदलाबदल करायचा, उ उलटा काढायचा, आणि पंचवीस लिही म्हटलं की ५२. मी रात्री दोन वाजता मोबाईलवर काहीबाही वाचून त्याला कसला कसला आजार आहे हे ठरवून मोकळा. बाईंना भेटलो तर त्या शांतपणे म्हणाल्या, अहो पंचवीस म्हणताना आधी पाचच ऐकू येतात की, तो ऐकलं तसं लिहितोय! आणि एकोणतीसचं तो ३१ करायचा, कारण त्याच्या मते त्यात 'एक' आहे आणि 'तीस' आहे. आता यात त्याचं काय चुकलं सांगा. उलटी अक्षरं सात वर्षांपर्यंत बऱ्याच मुलांची निघतात, त्यानंतरही तशीच राहिली आणि सोबत वाचायलाही फार अडखळत असेल तर दाखवून घ्या, तोवर कळ काढा, असं त्यांनी सांगितलं. दुसरीत आपोआप गेलं. एक चूक मात्र मी केली, बोटांवर मोजू दिलं नाही. लहान मुलासारखं काय मोजतोस म्हणायचो. तो लहानच होता. मग तो दप्तराखाली हात घालून बोटं मोजायला लागला, ते बघितलं आणि मला माझीच लाज वाटली.

*

वरच्या दादांच्या लिखाणाच्या मुद्द्याला जोडून. माझी नणंद फिजिओ आहे, तिने सांगितलं की मनगटात जी आठ छोटी हाडं असतात ती जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करत हाड बनतात, शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान कधीतरी. त्यामुळे पान-पान लिहून हात दुखतो म्हणणारं मूल दरवेळी नाटकच करत नसतं. आम्ही मग लिखाण दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी असं तोडलं. अक्षर काही सुधारलं नाही, पण भांडणं कमी झाली.

*

हरवलेल्या वस्तूंची यादी, एका वर्षातली: बाटल्या चार, डब्याची झाकणं तीन (डबा परत यायचा, झाकण का नाही हे कोडंच), रबरं असंख्य, स्वेटर एक, आणि एक बूट. एकच. तो एका पायाने घरी कसा आला हे त्यालाही सांगता आलं नाही.

*

मी बरीच वर्षं पहिलीला शिकवतेय, त्यामुळे थोडं टेबलाच्या पलीकडून. पालक विचारतात वाचायला येतं का, पाढे येतात का. पहिल्या दोन महिन्यांत मला खरं तर हे हवं असतं की डब्याचं झाकण स्वतःचं स्वतः उघडता यावं, चेन लावता यावी, आणि "बाई, शू लागली" हे मोठ्याने म्हणता यावं. हसू नका. कितीतरी मुलं लाजून दिवसभर धरून ठेवतात, पाणीही पीत नाहीत, मग पोट साफ होत नाही, पोट दुखतं, आणि घरच्यांना वाटतं शाळा चुकवायला बहाणे करतंय. घरी आल्या आल्या बाथरूमकडे धाव घेत असेल तर समजून घ्या आणि आम्हाला येऊन सांगा, आम्ही मधे मधे आठवण करतो. दुसरं वाचनाबद्दल. पुस्तक घडाघडा वाचतो असं कौतुकाने सांगतात, पण पुष्कळदा ते पाठ असतं, किंवा चित्र बघून अंदाज मारलेला असतो. चित्रावर हात ठेवा आणि मधलाच एखादा शब्द विचारा, लगेच कळतं. आणि अडखळत वाचणारं मूल पुष्कळदा खरोखरचं वाचत असतं, त्याला घाई करू नका. जोडाक्षरं आली की चांगली चांगली गाडी रुळावरून घसरते, ते दरवर्षीचं आहे.

*

बाईंनी छान लिहिलंय, पण माझा अनुभव थोडा कडू आहे. मुलगा फळ्यावरचं चुकीचं उतरवायचा, अर्धवट सोडायचा, शेजारच्याच्या वहीत बघायचा. शेरा आला, लक्ष नसते. आम्हीही त्याला खूप बोललो. सहा महिन्यांनी सहज म्हणून डोळे तपासले तर चांगलाच नंबर निघाला. चष्मा लावून बाहेर पडला आणि म्हणतो, बाबा झाडाला पानं वेगवेगळी असतात! त्याला वाटायचं सगळ्यांना असंच धूसर दिसतं, मग तो तक्रार कशी करणार? पहिलीत जायच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या, एवढं एकच कळकळीने सांगतो.

*

मैत्री! याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? बालवाडीत जो शेजारी बसेल तो मित्र, पहिलीत मात्र निवड सुरू होते, कट्टी-बट्टी, 'तू आमच्यात नाहीस' वगैरे. एक दिवस लेक रडत आली की कोणीच माझ्याशी खेळत नाही. मी इतकी पेटले की त्या मुलीच्या आईला मोठाच्या मोठा मेसेज टाईप करून ठेवला. नशीब पाठवला नाही, कारण दुसऱ्या दिवशी दोघी गळ्यात गळे घालून गेटमधून बाहेर. आता मी कट्टी ऐकली की चोवीस तास थांबते.

*

चोवीस तास थांबा, पण चोवीस दिवस नको हो. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी पोट दुखायचं आणि रविवारी रात्रीपासून चिडचिड. आम्हीही मुलांचं चालतंच म्हणून सोडून दिलं. स्कूल व्हॅनमधला एक मोठा मुलगा रोज त्याची टोपी काढून खाली टाकायचा आणि सगळे हसायचे, एवढंच. पण सहा वर्षांच्या जिवाला ते एवढंच नसतं. तीन महिने सहन केलं त्याने. आम्हाला कळलं ते चित्रावरून, व्हॅन काढली होती आणि त्यात स्वतःला काढलंच नव्हतं. जागा बदलून ड्रायव्हर काकांच्या मागे बसवलं, पोट थांबलं. एकदा दुखलं तर दुखलं, ठरावीक वारी दुखत असेल तर शोध घ्या.

*

मी आजी आहे, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. नातवाचा पहिला दात शाळेतच पडला आणि त्याने तो गिळला. घरी येऊन विचारतो, आता पोटात दात उगवेल का. असो. मुद्दा वेगळाच आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास मागच्या बाजूला नवीन दाढा येतात, त्यांच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे कळतच नाही, आणि आपण समजतो दुधाच्याच आहेत, किडल्या तर पडतील. त्या कायमच्या असतात. सुनेला हे मी सांगितलं नाही, दातांच्या डॉक्टरांनी दोघींनाही सांगितलं, आणि तोवर एकीत सिमेंट भरायची वेळ आली होती.

*

आमची वर्गात सगळ्यात लहान, सगळ्यात मोठ्या मुलीपेक्षा जवळजवळ अकरा महिन्यांनी. त्या वयात अकरा महिने म्हणजे केवढं मोठं अंतर असतं हे मला कोणी सांगितलं असतं तर वर्षभर तुलना करून तिचा आणि माझा जीव खाल्ला नसता. बाकी वर सगळं आलंच आहे. सर्दी-खोकल्याचंही धरून चाला, वर्षाला सहा-आठ वेळा.

*

धागा काढणारी परत आलेय. सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. डोळ्यांची अपॉइंटमेंट घेतली. काल झाकण उघडायची प्रॅक्टिस केली, उघडलं, पण परत लावता येत नाहीये, म्हणजे तीन झाकणांचं कोडं बहुतेक सुटलं. आता एकच प्रश्न, बाटलीवर नाव कशाने लिहायचं म्हणजे धुतल्यावर जात नाही?