केमो डेकेअर कॉम्प्युटरवर नेताना काय सांभाळायचं?

डेकेअर सिस्टर, कोथरूड:
आमचं डेकेअर, म्हणजे भरती न होता केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायचा विभाग, पुढच्या महिन्यापासून कॉम्प्युटरवर. बारा वर्षं मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं उंची, वजन, अ‍ॅलर्जी लिहीत आलेय. परवा ट्रायल घेतली. सलाइनचा पंप वाजतोय आणि स्क्रीन म्हणतेय ‘पासवर्ड बदला’! बारामतीहून पहाटे निघालेले पेशंट ताटकळले. कुणी केलंय का हे? एकदम बदलायचं की हळूहळू?

कॅन्सरतज्ज्ञ, कॅम्प:
आधी फक्त केमोच्या ऑर्डरी घ्या. जुन्या फायली टाइप करत बसू नका, स्कॅन करून जोडा. पण डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा आजवरचा एकूण डोस हातानंच भरा, दोघींनी तपासून. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे 450-550 मिलिग्रॅमच्या पुढे हृदयाला धोका बराच वाढतो. तो आकडा स्कॅनमध्ये गाडला गेला, तर मशीन बेरीज कशाची करणार?

फार्मसीवाला:
केमोच्या मागच्या सायकलचं, म्हणजे फेरीचं, वजन आपोआप पुढे येऊ देऊ नका. आमच्याकडे सहा किलो उतरलेल्या काकांचा डोस जुन्याच वजनावर निघाला होता. सिस्टरनं पकडला म्हणून बरं. आता तो रकाना दर वेळी रिकामाच उघडतो.

एका पेशंटची मुलगी:
आईचा 14 अंकी आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढलाय, तरी रिपोर्टची पिशवी सुटलेली नाही. प्रिंट बंद करू नका, प्लीज. आणि डॉक्टरांना सांगा, अधूनमधून स्क्रीनवरून मान वर करा.

डेकेअर सिस्टर:
वजनाचं आजच सांगते. सर्व्हर बंद पडला की काय करता?

फार्मसीवाला:
छापील कोरे चार्ट, ड्रॉवरमध्ये. कुलूप न लावता.