कॉलेजात सांगावं का? आणि जोडीदाराचं नाव नेमकं कुठे लागतं?

झिरोमाइल
समलिंगी व्यक्ती, नागपुरातलं खासगी अनुदानित कॉलेज, परिवीक्षा संपायची आहे. स्टाफरूममध्ये कळण्याआधी काय काय पक्कं करून ठेवावं? नॉमिनी म्हणून जोडीदार चालतो का? "वकिलाला विचारा" एवढ्यावर बोळवण नको भाऊ.

तर्रीपोहे
कायम झाल्याचं पत्र हाती येईस्तोवर संस्थाचालकांच्या कानावर काही जाऊ देऊ नका. तासिका तत्त्वावरच्यांचं तर आणखी कठीण. पुढच्या सत्रात 'वर्कलोड नाही' एवढंच तोंडी सांगतात, लेखी कारण नसतं, मग दाद कशाविरुद्ध मागणार? सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढले, नोकरीचं संरक्षण दिलं नाही.

क्वार्टर मिळत असलं तरी विचार करा. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस आपल्या नागपूरचेच, अलीगढला मराठी शिकवायचे. २०१० मध्ये त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसून त्यांच्या समलिंगी संबंधांचं चित्रण झालं आणि निलंबन झालं ते त्यांचंच! अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला त्यांच्या बाजूने आदेश दिला, ७ एप्रिलला ते मृत आढळले. बाहेर फ्लॅट घ्या, नोंदणीकृत भाडेकरारात दोघांची नावं घाला.

संत्रावाला
बँकेत नॉमिनी बिनधास्त लावा. संयुक्त खातं आणि नॉमिनी, दोन्हींना आडकाठी नाही असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. काउंटरवर 'नातं' या रकान्यापाशी गाडी अडते, म्हणून त्याची प्रिंट सोबत ठेवा.

गोची ग्रॅच्युइटीत आहे. कायद्याच्या व्याख्येतलं कुटुंब असेल (अवलंबून असलेले आईवडीलही त्यात आले) तर बाहेरच्याचं नामांकन रद्दबातल. त्यात नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र कराच. स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, जोडीदाराला मात्र साक्षीदार करू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, पण घरचे भांडतील असं दिसत असेल तर करूनच टाका.

अंबाझरी
सगळं रडगाणंच नाही. यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ च्या दुरुस्तीने लैंगिक कलही आला. हॉस्टेलचं पोरगं तक्रार घेऊन आलं की 'मस्करी असेल' म्हणून परत न पाठवता तो मुद्दा अर्जात लिहून घेणारा शिक्षक समितीवर असला, तर फरक पडतो. कायम झालात की समितीवर नाव द्या.

कुणी ट्रान्स सहकारी नाव बदलत असेल तर ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ऑनलाइन ओळख) सोळा अंकी क्रमांक तोच राहतो. मोठे प्रकाशक जुन्या पेपरवरचं नावही गाजावाजा न करता बदलतात. फक्त ऑर्किडमधलं 'इतर नावे' तपासा, जुनं नाव तिथे उघडं राहून जातं.